झाडलेलें पण रिकामें घर



घरांतील इंटरनेटची पेटी, म्हणजे राउटर, आपले निरोप व बँकेचे व्यवहार वाहते. ती ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं घराचें गुपित. २०१८ सालीं ५४ देशांत अशा व तत्सम निदान ५ लाख यंत्रांत ‘व्हीपीएनफिल्टर’ नामक हेर लपल्याचें उघडकीस आलें. यंत्र बंद करून पुन्हां सुरू केलें, तर हेराचा कांहीं भाग जाई. मूळ मात्र राही व गेलेल्यास परत बोलावी.

प्रभूच्या दृष्टांतांतील झाडलेल्या पण रिकाम्या घराची हीच गत झाली: निघालेला दुष्ट आत्मा आणखी सात घेऊन परतला.

यास्तव पेटी मूळ स्थितीस आणावी, तिच्याबरोबर आलेला परवलीचा शब्द बदलावा व कंपनीची नवी दुरुस्ती चढवावी. अंतःकरणही नुसतें झाडूं नका. त्यांत प्रभूला वसूं द्या.