चित्रातला घोडा आणि काळी-पिवळी

माझ्या कपाटात जेमतेम साडेसोळा सेंटिमीटर लांबीची एक काळी-पिवळी टॅक्सी आहे. घरी येणारा माणूस तिच्याकडे बोट दाखवून म्हणतो, "अरे, पद्मिनी!" 'पद्मिनीसारखी' असं कुणी म्हणत नाही. ही चालणार नाही, हिच्यात कुणी बसणार नाही, हे त्याला पुरतं ठाऊक असतं. तरी आपण चुकीचं बोललो असं त्याला वाटत नाही आणि मलाही ते खोडून काढावंसं वाटत नाही. मग त्याला जे झालं ते ज्ञान कोणत्या जातीचं?

नवव्या शतकात काश्मीरमधल्या श्रीशंकुकाने हा प्रश्न नाटकाच्या निमित्ताने विचारला. रामाची भूमिका करणाऱ्या नटाला पाहून प्रेक्षक 'हा राम' म्हणतो. हे ज्ञान खरं मानावं, तर नट राम नाही. खोटं मानावं, तर 'छे, हा राम नव्हता' असा बाध प्रयोग चालू असताना होत नाही. संशय मानावा, तर मन दोन्हीकडे हेलकावे खात नाही. सादृश्य मानावं, तर 'रामासारखा' असं मनात येत नाही. चारही कप्प्यांत न बसणारी ही प्रतीती आहे असं शंकुक म्हणतो आणि दाखला देतो चित्रातल्या घोड्याचा. भिंतीवरचा घोडा पाहून आपण सरळ 'घोडा' म्हणतो. शंकुकाचा ग्रंथ आज मिळत नाही. अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त त्याचं मत खंडनासाठी का होईना मांडून ठेवलं, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं.

हा चित्रतुरगन्याय मी एम. ए.च्या वर्गाला शिकवत असे. फळ्यावर चार प्रकार लिहायचे आणि एकेक खोडत जायचं, असा तो तास. पण त्या न्यायाशी माझं खरं भांडण सुरू झालं ते गाड्यांची मॉडेल्स बांधायला लागल्यावर. सुरुवात जपानी किटांनी झाली. चौकटीला चिकटलेले भाग कापायचे, कड घासायची, जोडायचे, रंगवायचे. पद्मिनी मात्र मी किटवरून केली नाही. आमच्या मिरजेत शेजारच्या काकांच्या अंगणात त्यांची जुनी पद्मिनी उभी असते. टेप आणि व्हर्नियर घेऊन मी तिची मापं घेतली आणि पांढऱ्या स्टायरीनच्या पत्र्यांतून ती उभी केली. पत्र्यावर पत्रा चिकटवून जाडी आणायची, पुट्टी भरायची, पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचं, प्रायमर मारायचा; मग प्रायमरखाली दडलेला प्रत्येक ओरखडा वर येतो आणि पुन्हा घासायचं. रंग एअरब्रशने, मागच्या पडवीत. पावसाळ्यात लॅकर मारायचा नाही, कारण दमट हवेत तो पांढुरका पडतो.

प्रमाण १:२४. इंग्रजी मापांत अर्ध्या इंचाला एक फूट, तिथून हा आकडा आला. पद्मिनीच्या दोन चाकांच्या आसांमधलं अंतर २,३४० मिलिमीटर. माझ्या गाडीत ते साडेसत्त्याण्णव. इथवर भागाकार पुरतो. त्यापुढे भागाकार माणसाला कोंडीत पकडतो.

खऱ्या गाडीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास जाड. त्याला २४ ने भागलं तर कागदापेक्षाही पातळ पत्रा हवा. माझा स्टायरीन एक मिलिमीटरचा आहे, म्हणजे त्या हिशेबाने माझी टॅक्सी चोवीस मिलिमीटर जाडीच्या चिलखताची. कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतात. मला चार-सहा मायक्रॉनांत काम उरकलं पाहिजे, जे हाताने होणं शक्य नाही. मूळ गाडीचं वजन सुमारे ९०० किलो. लांबी २४ पट कमी झाली की घनफळ १३,८२४ पट कमी होतं, म्हणून माझ्या गाडीने पासष्ट ग्रॅमच भरायला हवं. दाराच्या फटीचं तसंच. खरी फट चार मिलिमीटरची असेल, तर माझ्याकडे तिने एक षष्ठांश मिलिमीटर व्हायला हवं. तेवढी रेघ डोळ्यात भरत नाही आणि गाडीला दारं नाहीत असं वाटतं. म्हणून रेघ थोडी रुंद कोरायची आणि तिच्यात पातळ केलेला गडद रंग सोडायचा.

सगळ्यांत कठीण काळा रंग. टॅक्सीचा काळा जसाच्या तसा मॉडेलवर मारला, तर गाडी डांबराच्या गोळ्यासारखी दिसते. खरी गाडी आपण काही पावलांवरून पाहतो. मध्ये हवा असते, ऊन असतं, अंगावर आभाळाचं प्रतिबिंब पसरलेलं असतं. तिचा काळा कधीच पूर्ण काळा दिसत नाही. म्हणून मॉडेल करणारे काळ्यात थोडा राखाडी घालतात. मी थेंबभर तपकिरीही घातला. रंग मुळापासून जरा हटला, तेव्हा गाडी मुळाच्या जवळ आली.

या हटण्याला प्लेटोने नाव ठेवलं आहे. 'सोफिस्ट' या संवादात एलियाहून आलेला पाहुणा प्रतिमा घडवण्याचे दोन प्रकार सांगतो. एक मूळ वस्तूची प्रमाणं तंतोतंत पाळणारा. दुसरा, डोळ्याला बरोबर वाटावं म्हणून प्रमाणं बदलणारा. भव्य मूर्तीचा वरचा भाग लांबून लहान दिसतो, म्हणून तो मोठा घडवतात तसा. पहिल्यात वस्तूशी इमान आहे. दुसऱ्यात नुसता भास आहे आणि प्लेटोला त्याचा भरवसा नाही.

मला इथे आपल्याकडची एक यादी जास्त शहाणी वाटते. कामसूत्रावरच्या 'जयमंगला' टीकेत यशोधराने चित्राची सहा अंगं सांगितली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. या यादीत प्रमाण आणि सादृश्य ही दोन वेगळी अंगं आहेत. माप बरोबर आलं की साम्य आपोआप येतं असं असतं, तर सादृश्याला स्वतंत्र जागा द्यायचं कारण नव्हतं. प्रमाण पाळूनही साम्य हुकू शकतं, हे त्या परंपरेला माहीत होतं. त्यामुळे फट रुंद कोरताना मी काही लबाडी करते आहे असं मला वाटत नाही. कुठे, किती आणि कशासाठी हटलो हे नेमकं ठाऊक असणं हासुद्धा इमानाचाच भाग आहे.

इथपर्यंत शंकुक माझ्या बाजूचा. पण अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी त्याच्यावर घेतलेले आक्षेप बिनतोड आहेत. दिवा अंधारातली गाय दाखवतो तशी शेंदूर वगैरे रंगद्रव्यं गाय प्रकट करत नाहीत, असं ते म्हणतात. गाईच्या अवयवांच्या रचनेसारखी एक रचना तयार होते, एवढंच. म्हणजे जे नाकारून शंकुक पुढे गेला, ते सादृश्य मागच्या दाराने आत आलंच. दुसरा आक्षेप याहून खोल आहे. अनुकरण आहे असं म्हणायला मूळ पाहिलेलं असावं लागतं. रामाला कुणी पाहिलं आहे? ज्याला पाहिलंच नाही त्याची नक्कल बरोबर झाली, हे कोण ठरवणार?

हा आक्षेप मनात असताना मी गाडीच्या पोटाशी काम करत होते. बॉनेटखाली १,०८९ सीसीचं इंजिन आहे. त्यावर कार्बोरेटर, बाजूला डेल्को, शिशाच्या बारीक तारेचे प्लग-वायर आणि गॅरेजात ज्याला एसी पंप म्हणतात तो पेट्रोलचा पंप. पंप तांदळाच्या दाण्यापेक्षा मोठा नाही. त्यावर मी तीन रंग वापरले. बॉनेट उघडणारं करायचं नव्हतं, ते चिकटवायचं होतं. गाडीच्या चौकशीसाठी मी ज्यांच्याकडे जात असे, ते गॅरेजवाले मिस्त्री एकदा घरी आले. त्यांनी अर्धवट गाडी हातात घेतली आणि आधी उलटी केली. लांब शाफ्टवरून बोट फिरवून म्हणाले, "शाफ्ट बरोबर बसलाय, बाई." मग इंजिन पाहिलं आणि विचारलं, "बॉनेट चिकटवणार? मग हे कोण बघणार?"

याला तीन उत्तरं देता येतात. पहिलं, देव पाहतो. माझ्या आईने हेच दिलं असतं आणि ते मी हलकं मानत नाही. पण या उत्तरात देव परीक्षक होतो आणि काम अखेर कुणीतरी बघावं म्हणूनच केलेलं राहतं. दुसरं उत्तर गीतेचं, फळावर नजर न ठेवता कर्म करण्याचं. तेही मला पुरतं लागू पडत नाही, कारण पंप रंगवताना मी काही सोडत नसते, उलट भरभरून मिळवत असते. पंप कुठे असतो, नळी कुठून कुठे जाते, ती तिथूनच का जाते, हे मला तो घडवल्यावर कळलं. मापं घेताना ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि तरी कळलेलं नव्हतं.

म्हणून तिसरं उत्तर. शंकुकाचा न्याय पाहणाऱ्यापुरता आहे. घोडा पाहून 'घोडा' म्हणण्याचं सुख भिंतीसमोर उभ्या राहिलेल्याचं. ज्याने तो काढला त्याला रेघ आणि रंग दिसतात. त्याला तो भास एका क्षणापुरताही मिळत नाही. मलाही माझ्या टॅक्सीत स्टायरीन दिसतं. करणाऱ्याच्या वाट्याला दुसरं काहीतरी येतं. त्याला वस्तू हातातून कळते. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द या नैयायिकांच्या चार प्रमाणांशेजारी घडवणं हेही एक प्रमाण मांडावं, इतकं मला ते स्वतंत्र वाटतं.

या छंदाच्या इतिहासात याचे दाखले आहेत. शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये १:१२ प्रमाणातली पोर्श ९३४ काढली, तेव्हा अभ्यासासाठी खरी पोर्श ९११ विकत घेऊन ती पूर्ण सुटी केली होती. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० ते १९६८ या काळात अमेरिकेतल्या मुलांसाठी मॉडेल बांधण्याची स्पर्धा चालवली. सुरुवातीला नेपोलियनच्या काळातली घोडागाडी करायची असे. पुढे मुलांनी स्वतः कल्पिलेल्या मोटारी आल्या. बक्षीस म्हणून शिष्यवृत्त्या होत्या आणि त्यांतली कित्येक मुलं पुढे मोटारींची आरेखनकार झाली. लहान गाडी घडवणं त्यांना मोठी गाडी समजून घेण्याचा मार्ग ठरलं.

आता तौतांच्या दुसऱ्या आक्षेपाकडे येते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून निघालेली ही गाडी १९७४ पासून पद्मिनी झाली. तिचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटून गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे आणि ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. मला ओळखीची असलेली ही गाडी माझ्या नातीने टॅक्सी म्हणून कधी पाहिलीच नाही. काकांच्या अंगणातली एक तिला ठाऊक आहे, तिच्या मुलांना तीही ठाऊक नसेल. पद्मिनी रामाच्या जागी जाऊन बसते आहे: सगळे ओळखतात, पाहिलेलं कुणी नाही.

मूळ समोर असेतो पाहणारा पडताळा घेऊ शकतो. मिस्त्री उलटी करून शाफ्ट बघू शकतात. मूळ गेल्यावर तो हक्क पाहणाऱ्याकडून जातो. त्यानंतर 'ही पद्मिनी' या वाक्याची सगळी जबाबदारी ज्याने ती घडवली त्याच्यावर येते, कारण खोटं बोललो तर पकडणारं कुणी उरलेलं नसतं. मूर्ती घडवणारे, पोथ्यांची नक्कल उतरवणारे, घराण्याची बंदिश पुढे देणारे, सगळे याच जागी उभे असतात. ज्याला पडताळता येत नाही त्याच्याशीच खरं वागण्याची कसोटी असते. बॉनेटखालचा पंप मी त्याच्यासाठी केला आहे. त्याला तो कधी दिसणार नाही. पण 'ही पद्मिनी' असं तो म्हणेल तेव्हा त्याचं वाक्य आतपर्यंत खरं असेल, आणि ते खरं ठेवणं माझं काम होतं.