कालची वही

कऱ्हाडात शिष्यवृत्तीचे वर्ग घेणारे एक सर होते. पाचवी-आठवीच्या परीक्षेतली बुद्धिमत्ता चाचणी हा त्यांचा खास प्रांत. वर्गीकरण, समसंबंध, संख्यामालिका, आरशातली प्रतिमा, कुठल्याही पानावर बोट ठेवा, प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आत सर पर्याय सांगत. दिवाळी संपली की त्यांची ‘हमखास वही’ निघे. मागच्या कित्येक वर्षांचे पेपर चाळून काढलेले प्रश्न, शेजारी उत्तर आणि खाली एका ओळीची युक्ती. आसपासच्या गावांतले पालक एसटीने येऊन वही घेऊन जायचे, आणि वहीतले चार-सहा प्रश्न परीक्षेला पडायचेही. त्यामुळे सरांचं मत पक्कं झालं होतं. मूल चुकतं ते तयारी कमी पडते म्हणून, आणि तयारी म्हणजे उत्तर आधीच माहीत असणं.

एका वर्षी फेब्रुवारीत परीक्षा उरकली आणि सर लेकीकडे अमेरिकेला गेले. मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या पश्चिमेला श्रूजबरी नावाचं गाव आहे, तिथे मीनलचं घर. मार्च उजाडला तरी बर्फ हटायला तयार नव्हतं. एका सकाळी शाळेला सुट्टी असल्याचा निरोप आला, मीनल लॅपटॉप घेऊन वरच्या खोलीत गेली आणि आठ वर्षांची नात जुई टॅब्लेट घेऊन सोफ्यावर पसरली.

“अभ्यास नाही का काही?” सरांनी विचारलं.

“हा अभ्यासच आहे, आबा. तू बस ना इथे.” तिकडे वाढलेल्या पोरांना ‘तुम्ही’ ठाऊकच नसतं. पहिल्या आठवड्यात सरांना ते खटकलं होतं, आता कानाआड झालं होतं.

पडद्यावर निळ्या, वाटोळ्या, बुटक्या प्राण्यांची रांग उभी होती. कुणाला टोपी, कुणाला शेंडी. कुणाच्या डोळ्यांवर चष्मा, कुणाच्या गॉगल. नाकं रंगीबेरंगी. आणि पायांच्या जागी बूट, स्केट्स, स्प्रिंग, एकाला तर चक्क पंखा. हे झूम्बिनी. त्यांच्या बेटावर ब्लोट नावाचे शेजारी व्यापारात मदत करतो म्हणून आले आणि बघता बघता मालक होऊन बसले. मग झूम्बिनी सोळा-सोळांच्या तुकड्या करून होडीने निसटले आणि नवं गाव वसवायला निघाले. त्यांना वाटेतल्या बारा संकटांतून पार करायचं, हा खेळ.

“म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच की!” सर म्हणाले, आणि चष्मा पुसून नीट बसले. केस पाच तऱ्हेचे, डोळे पाच, नाकं पाच, पाय पाच. पाचाचा चौथा घात, सहाशे पंचवीस. “जुई, एकूण ६२५ वेगवेगळे होतात गं हे.” जुईने मान हलवली. तिला ते माहीत होतं. सगळे ६२५ पलीकडे न्यायचे आहेत म्हणाली.

पहिलंच संकट दोन पुलांचं. एक पूल वर, एक खाली, आणि दोन्हींच्या टोकाला माणसाच्या तोंडासारखे डोंगरकडे. या कड्यांना कशाची तरी ॲलर्जी असते. कशाची, ते कुणी सांगत नाही. नको असलेला झूम्बिनी पुलावर आला की कडा सटकन शिंकतो, झूम्बिनी उडून मागे येऊन पडतो आणि पूल धरून ठेवणाऱ्या सहा खुंट्यांपैकी एक निखळते. सहाही गेल्या की पूल कोसळला, उरलेले सगळे मागे राहिले. मरत मात्र कुणी नाही. राहिलेले परत मुक्कामाला जाऊन पुढच्या खेपेची वाट बघतात.

जुईने एकाला वरच्या पुलावर सोडलं. कडा शिंकला. जुई खिदळली. सरांच्या कपाळाला आठी पडली.

“अगं, आधी विचार कर, मग पाठव. एक खुंटी गेली फुकट.”

“फुकट नाही गेली. त्याने सांगितलं ना.”

सरांना हे उत्तर उद्धट वाटलं, पण नात पडली तिकडची, म्हणून ते गप्प बसले. वरून कॉफी न्यायला आलेल्या मीनलने जाता जाता सांगितलं, “आबा, हा खेळ जुना आहे हं. १९९६ साली ब्रोडरबंड कंपनीने काढला होता. मूळ कल्पना ख्रिस हॅनकॉक आणि स्कॉट ऑस्टरवाइल या दोघांची. इथून तासाभरावर केंब्रिजला टर्क म्हणून संस्था आहे, गणित-विज्ञान कसं शिकवावं यावर काम करते, तिथे घडला तो. २०१५ ला टॅब्लेटसाठी पुन्हा आणला.” संस्था गणिताची आहे म्हटल्यावर सरांचा सूर जरा खाली आला. गणितवाल्यांनी केलंय म्हणजे त्यात उत्तर असणार, आणि उत्तर असलं की ते काढून ठेवता येणार.

त्या रात्री घर झोपलं तरी सरांना झोप येईना. वेळेतल्या फरकाने तशीही ती नीट येत नव्हती. त्यांनी टॅब्लेट घेतला, ‘आबा’ नावाने नवा खेळ उघडला आणि शेजारी शंभर पानी वही ठेवली. दोन तासांत दोन पाने भरली. ‘वरचा पूल : गॉगलवाले चालत नाहीत. बाकी सर्व चालतात. खालचा पूल : फक्त गॉगलवाले.’ पुढे खिंडीत आर्नो नावाचा एक आडदांड राक्षस पिझ्झासाठी वाट अडवून बसलेला असतो, त्याला काय आवडतं तेही टिपलं. अक्षर वळणदार, मथळ्यांखाली लाल रेघ. पहाटे झोपताना सर खुशीत होते.

सकाळी वही जुईच्या पुढ्यात आली. “घे. आता एकही शिंक येणार नाही.”

जुईने वही वाचली. मराठी तिला अडखळत वाचता येई, बाकीचं आबांनी वाचून दाखवलं. मग आबांचा मान ठेवून तिने वहीप्रमाणे सुरुवात केली. पहिला गॉगलवाला खालच्या पुलावर. शिंक. दुसरा गॉगलवाला पार झाला. टोपीवाला वरून. शिंक. “थांब, थांब,” सर वहीत बोट घालून म्हणाले, “असं होणार नाही. पुन्हा पाठव.” चौथी शिंक, पाचवी. सहावी खुंटी निखळली, पूल धाडकन खाली आला आणि अर्ध्याहून जास्त झूम्बिनी अलीकडेच राहिले.

“आबा,” जुई म्हणाली, “तुझी वही कालची आहे.”

या खेळाची खोड अशी की प्रत्येक खेपेला नियम बदलतो. काल गॉगलवर शिंकणारा कडा आज हिरव्या नाकावर शिंकतो, उद्या स्प्रिंगच्या पायांवर शिंकेल. तुकड्या बिनचूक पार व्हायला लागल्या की तो अवघडही होतो. प्रत्येक संकटाच्या चार पायऱ्या आहेत. करणाऱ्यांनी मुद्दाम तसं ठेवलंय. ज्याला उत्तरं पाठ करून जिंकायचंय त्याच्यासाठी या खेळात जागाच ठेवलेली नाही. मला स्वतःला हा भाग फार आवडतो. बाजारात शैक्षणिक म्हणून जे काही मिळतं त्यातलं बरंचसं म्हणजे चित्रं चिकटवलेले पाढे असतात. बरोबर आलं की टाळ्या, चुकलं की भोंगा. इथे कडा शिंकतो तेव्हा तो शिक्षा करत नसतो. विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर असतं.

सरांनी वही मिटली. जरा वेळाने म्हणाले, “मग तू कसं ओळखतेस?”

जुईने नवी तुकडी बनवायला घेतली. सर बघत होते. पहिला झूम्बिनी : टोपी, चष्मा, लाल नाक, बूट. दुसरा : टोपी, चष्मा, बूट आणि नाक हिरवं. “हे दोघं सेम आहेत. फक्त नाक वेगळं.” पुढची जोडी बनवली, तिच्यात फक्त डोळे वेगळे. त्यापुढची, फक्त पाय. सोळा पुरे झाले तेव्हा सरांच्या लक्षात आलं की पोरीने पुलाजवळ पोहोचायच्या आधीच प्रश्नपत्रिका काढून ठेवली आहे.

लाल नाकवाला वरून गेला, पार झाला. हिरव्या नाकाचा त्याच पुलावर सोडला. शिंक! “येस!” जुई ओरडली. “नाकाचंच आहे.” एका शिंकेत नाक सापडलं. दोघंही पार झाले असते तर लाल-हिरव्या नाकाने फरक पडत नाही हे कळलं असतं, आणि तेही तिला चाललं असतं. मग कुठल्या रंगाला कुठला पूल, ते पाहायला आणखी एक खुंटी गेली आणि तुकडी पलीकडे.

सर आयुष्यभर वर्गीकरण शिकवत आले होते. पण त्यांच्या पेपरात चार पर्याय छापलेले असत आणि त्यातला एक तरी बरोबर आहे याची हमी परीक्षा परिषदेने दिलेली असे. इथे पर्यायच नव्हते. ते बनवायचे आपणच, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर शिंक आली तरी ती कशामुळे आली ते कळणार नाही. प्रयोगशाळेतला पहिला नियम ही पोर सोफ्यावर लोळत पाळत होती.

पण जुईचंही सगळं बिनचूक होतं असं नाही. आर्नोपाशी ती अडली. त्याची तऱ्हा अशी : पिझ्झ्यावर त्याला नको असलेलं काही असलं की तो फेकून देतो. आहे ते आवडलं पण अजून काही हवं असलं तर तसं सांगतो. नेमका हवा तसा मिळाला की वाट सोडतो. जुईने एक मशरूम घातला, मग मिरची, मग दोन्ही मिळून, मग आणखी काही, आणि पाचव्या-सहाव्या पिझ्झ्याला आधीचाच एक पुन्हा केला. आर्नोने तो पुन्हा फेकला. एकेक गोष्ट बदलायची सवय होती, पण मागे काय केलं ते डोक्यात राहत नव्हतं. ती वैतागली आणि टॅब्लेट उशीवर आपटला.

तेव्हा सरांनी मिटलेली वही पुन्हा उघडली. रात्रीची दोन पाने फाडली. कोऱ्या पानावर मधोमध उभी रेघ मारली आणि डावीकडे लिहिलं ‘काय केलं’, उजवीकडे ‘काय झालं’.

“मी लिहितो. तू सांग.”

मशरूम : अजून हवं. मिरची : फेकला. दोन्ही : फेकला. जुईने पान पाहिलं. “मग दोन्हीचा करायलाच नको होता!” ती म्हणाली. मिरची एकदा फेकली म्हणजे मिरची असलेला कुठलाही पिझ्झा बाद. हे तिला आबांनी सांगितलं नाही. सांगायचं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं, आणि मास्तरकीत मुरलेल्या माणसाला ओठावरचं गिळणं किती जड जातं ते मास्तरांच्या घरच्यांना विचारा. पण गिळलं खरं. आणखी थोड्या पिझ्झ्यांत आर्नो बाजूला झाला.

मे महिन्यापर्यंत वहीत तेवढे दोनच रकाने भरत गेले. ६२५ पुरे झाले नाहीत, बरेच मागेच राहिले होते. सरांचं परतीचं विमान आलं.

जूनमध्ये कऱ्हाडला वर्ग सुरू झाला तेव्हा सरांनी पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर तोंडं काढून आणली : टोपी, शेंडी, चष्मा, नाकं, पाय. खुर्चीत बसले आणि म्हणाले, “मी कडा. मला कशाची तरी ॲलर्जी आहे. एकेक तोंड दाखवा.” पहिल्या पोराने कार्ड पुढे केलं आणि सर असे खणखणीत शिंकले की शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावलं. वर्गात हशा पिकला. हसू ओसरल्यावर पाचवीतली एक मुलगी हळूच म्हणाली, “सर, आता याच्यासारखंच दाखवते, फक्त बिनटोपीचं.” सरांनी फळ्यावर दोन रकाने आखले.

दिवाळीनंतर पालक आले. “सर, यंदाची हमखास वही?”

“पोरं भरतायत,” सर म्हणाले. “परीक्षेपर्यंत होईल.”

एका गृहस्थांनी सरळ विचारलं, “आणि अपेक्षित प्रश्न?”

“प्रश्न परिषद काढते. दरवर्षी नवे काढते.”

दोघा-तिघांनी मुलं काढून दुसऱ्या क्लासला घातली. फेब्रुवारीच्या परीक्षेत सरांचा निकाल आधीच्या वर्षापेक्षा थोडा कमीच लागला, आणि गावात त्याची चर्चाही झाली. पुढच्या जूनला वर्ग भरला तेव्हा पाचवीची ती मुलगी, शिष्यवृत्ती मिळाली नव्हती आणि आता सहावीत होती तरी, येऊन बसली होती. सरांनी तिला पुठ्ठ्याची तोंडं दिली आणि कडा व्हायला सांगितलं.

हमखास वही त्यानंतर निघाली नाही. दोन रकान्यांची कोरी वही अजून मिळते, आणि तिचे पैसे सर घेत नाहीत.