न पाहिलेल्या पक्ष्याचें देणें

एखाद्या गांवीं संध्याकाळीं विज्ञानाविषयीं व्याख्यान होतें. वक्ता दक्षिण ध्रुवाकडील बर्फाच्या प्रदेशाची, तेथील पक्ष्यांची व बदलत्या हवामानाची हकीकत सांगतो. शेवटीं श्रोत्यांपैकीं कोणी विचारतो, "गुरुजी, जो पक्षी मीं पाहिला नाहीं व पाहणारहि नाहीं, त्याचें मजवर काय देणें?" प्रिय वाचकहो, हा प्रश्न हंसून टाकण्याजोगा नव्हे.

प्रथम हकीकत नीट समजून घेऊं. अंटार्क्टिका खंडाच्या कांठीं सम्राट पेंग्विन नांवाचा पक्षी राहतो. तो बहुधा गोठलेल्या समुद्रावरच वीण करितो. मे-जून महिन्यांत, म्हणजे तेथील हिवाळ्यांत, मादी एकच अंडें घालून तें नराच्या स्वाधीन करिते व अन्नासाठीं समुद्राकडे जाते. नर तें अंडें पायांवर घेऊन, पोटाच्या कातडीखालीं झांकून, सुमारें दोन महिने उपाशी उभा राहतो. पाण्यांत टिकाव धरतील अशीं पिसें पिलांस डिसेंबरच्या सुमारास येतात. तोंपर्यंत पायांखालचा बर्फ टिकला पाहिजे. सन २०२२ सालीं बेलिंग्सहौसेन समुद्रांत तो टिकला नाहीं. तेथील ५ वसाहतींपैकीं ४ वसाहतींची त्या सालची सर्व वीण बुडाली, असें संशोधकांनीं उपग्रहाच्या चित्रांवरून ठरविलें.

आतां दोष कोणाचा? एखाद्या वर्षीं बर्फ फुटण्यास वारे व प्रवाहहि कारण होतात. म्हणून प्रत्येक नुकसानीचें खापर एकाच कारणावर फोडणें न्यायाचें नाहीं. परंतु कोळसा व खनिज तेल जाळून मनुष्यानें हवेंतील कार्बन डायऑक्साइड वाढविला, हें निश्चित. दहा लाख भागांत तो पूर्वीं सुमारें २८० भाग होता. आज ४२० हून अधिक आहे. त्यायोगें समुद्र तापत आहे, आणि तापत्या समुद्रावर बर्फाचा भरवसा उरत नाहीं. यांत सर्वांचा वाटा सारखा नव्हे. ज्या देशांनीं दीडशें-दोनशें वर्षें कारखाने चालविले, त्यांचा हिशेब मोठा. जी बाई गोंवऱ्या पेटवून भाकरी भाजते, तिचा अगदीं लहान. तिला अपराधी म्हणणें हा अन्यायच होय.

तरी दोष व कर्तव्य हीं एक नव्हेत. पाटाच्या तोंडाशीं ज्याचें शेत आहे, तो आपले वाफे भरून घेतो. शेवटच्या शेतांत पाणी पोंचलें नाहीं, हें त्यास दिसत नाहीं. तोंवर त्यास फार बोल लावतां येत नाहीं. परंतु शेवटचा शेतकरी येऊन "माझें पीक वाळलें" असें सांगतो, तेव्हांपासून "मला ठाऊक नव्हतें" हा जबाब संपला.

पेंग्विन आमच्या दारीं येऊं शकत नाहीं. त्याच्या विष्ठेचा बर्फावर पडलेला तपकिरी डाग तेवढा उपग्रहास दिसतो. तो डाग अवेळीं नाहींसा झाला, हीच त्याची फिर्याद. आणि ती आतां आमच्या कानीं पडली आहे.

म्हणून त्या श्रोत्यास उत्तर असें: भाऊ, वाटा लहान तर देणें लहान, परंतु लहान देणें म्हणजे देणें नाहींच, असें नव्हे. विनाकारण जळणारा दिवा मालवणें, झाड राखणें, आणि मत मागावयास येणाऱ्यास या गोष्टीचा जाब विचारणें, एवढें तुझ्या हातीं आहे. मोठ्या ऋणकोकडे बोट अवश्य दाखवावें. पण आपलें फेडून मग दाखवावें.