निरोप देणाऱ्याचा धर्म

प्रवासास निघणाऱ्याचा धर्म कोणता, हे आपल्याकडे पुष्कळ वेळा सांगून झाले आहे. नेम चुकवू नये, परधनाचा लोभ धरू नये, परस्त्री मातेसमान मानावी, मिळेल त्यात समाधान मानावे. पण उंबरठ्यावर उभा राहून जो निरोप देतो, त्याचा धर्म कोणता? याचा विचार फारसा कोणी करीत नाही. तो आज वाचकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. आमच्या प्रवरेकाठच्या संगमनेरासारख्या गावातही माळकरी घरातला कर्ता पुरुष मालाच्या व्यवहारासाठी दुबईस जातो. एखाद्या घरची सून कचेरीच्या कामासाठी महिना महिना परदेशी राहते. मागे राहिलेले माणूस तोंडाने 'सुखरूप जा, सुखरूप या' म्हणते. आणि विमान उतरते न उतरते तोच फोन सुरू होतो. कोठे आहात? बरोबर कोण आहे? इतका वेळ का लागला? यात काळजी किती आणि पहारा किती, हे ज्याचे त्याने आपल्या मनाशी ओळखावे.

या बाबतीत संगमनेरशीच नाते असलेले एक उदाहरण आहे. गोपाळ विनायक जोशी हे मूळचे संगमनेरचे. टपाल खात्यात नोकरी करीत. त्यांची पत्नी आनंदीबाई. पत्नीने शिकावे हा गोपाळरावांचा ध्यास. लोक हसले, नावे ठेविली, तरी त्यांनी तो सोडला नाही. आनंदीबाई कोवळ्या वयात आई झाल्या आणि ते मूल दहा दिवसांतच गेले. आपल्या बायकांना बाईच डॉक्टर हवी, हे त्या माउलीने तेव्हा मनाशी धरले. समुद्र ओलांडला की जात गेली, असे मानण्याचा तो काळ. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे भर सभेत उभे राहून, आपण अमेरिकेस का जातो, हे त्यांनी सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे ७ एप्रिलला कलकत्त्याहून त्यांचे जहाज सुटले. वय अवघे अठरा. नवरा मागे राहिला.

निरोप द्यावा तर असा, असे कोणीही म्हणेल. आम्हीही म्हणतो. पण गोष्ट येथे संपत नाही.

आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या थंडीत अभ्यास करीत होत्या. परक्या मुलखात आपला आहार आणि आपली साडी सांभाळीत होत्या. अशा वेळी गोपाळरावांच्या पत्रांतून जिव्हाळ्याबरोबर बोचरे शब्दही जात. संशय जाई, टोमणे जात. ज्याने जगाशी भांडून पत्नीला पाठविले, त्याच्याच मनाला ती दूर गेल्यावर स्वस्थता राहिली नाही. पुढे ते स्वतः अमेरिकेस गेले. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना डॉक्टरकीची पदवी मिळाली. त्याच वर्षी दोघे स्वदेशी परतली. पण क्षयाने देह पोखरला होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेविला, तेव्हा वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

गोपाळरावांची निंदा करावी म्हणून आम्ही हे लिहीत नाही. त्यांनी जे सोसले ते सोसण्याची छाती आपल्यात किती जणांची आहे? पण एवढा धीराचा पुरुष पाठविताना डगमगला नाही आणि पाठविल्यावर डगमगला, यात आपल्या सर्वांना शिकण्यासारखे आहे. पाठविणे एका दिवसाचे असते. पाठविल्यानंतर मन मोकळे ठेवणे हे रोजचे असते. 'मी जाऊ दिले म्हणून ती गेली' असे मनात राहिले, की दिलेल्या परवानगीची दोरी हातातच राहते. मग जरा अंतर वाढले की ती ओढावीशी वाटते. ज्याला आपले संत मीपणा म्हणतात, तो असा प्रेमाच्या पांघरुणाखालीही लपून बसतो.

कोणी म्हणेल, 'अहो, मग काही विचारूच नये का? संसार भोळेपणावर चालत नाही. परदेशी गेलेली माणसे फसवितात, हेही आम्ही पाहिले आहे.' आक्षेप खरा आहे. म्हणून जाणाऱ्याकडेही पाहिले पाहिजे. ज्ञानोबारायांचे वडील विठ्ठलपंत यांची कथा सर्वांस ठाऊक आहे. पत्नीचे मन नसता, युक्तीने होकार मिळवून ते काशीस गेले आणि संन्यास घेतला, असे परंपरा सांगते. गुरूंना खरा प्रकार कळला तेव्हा त्यांनी शिष्याला परत घरी धाडले. हेतू परमार्थाचा होता, तरी मागे राहणारीचा खरा होकार नव्हता. म्हणून गुरूंनी तो जाण्याचा मार्ग मान्य केला नाही. मग व्यापारासाठी जाणाऱ्याने सत्य लपविले, तर त्याला सूट कशी मिळावी?

तेव्हा आम्ही असे म्हणतो, की सत्य हे जाणाऱ्याचे देणे आणि विश्वास हे राहणाऱ्याचे देणे. एकाने आपले देणे बुडविले, तर दुसऱ्याने सरळ, एकदा, तोंडावर विचारावे. खरे कारण असता न विचारणे हा विश्वास नव्हे, ती हेळसांड आहे. पण कारण नसता रोज टोचणे हीही काळजी नव्हे.

हे आपल्याला नवे आहे का? आषाढीला त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी सिन्नर ओलांडून नगरच्या वाटेला लागते. तीत कित्येक घरांतून कोणाचा नवरा, कोणाची बायको चालू लागते. मागचे माणूस पेरणी बघते, गुरांना वैरण घालते, म्हाताऱ्यांचे पथ्य सांभाळते. घटकेघटकेला 'कोठे आहात' असे विचारत नाही. 'दिंडीत आहेत,' एवढे म्हणून निवांत असते. हा विश्वास आपल्याला येतो, मग तोच दुबईच्या वाटेवर का येत नाही? कारण पंढरीच्या वाटेवर आपले माणूस देवापाशी आहे, असे आपण मानतो. पण देव काय पंढरीपुरताच आहे? जळी-स्थळी त्याला पाहावे असे आपण रोज म्हणतो, आणि समुद्रापलीकडे तो नसेल अशी भीती धरतो! आपल्या श्रद्धेची परीक्षा देवळात होत नाही, ती येथे होते.

एक साधी गोष्ट सुचवावीशी वाटते. दूर गेलेल्याशी बोलण्याची एक वेळ दोघांनी ठरवावी आणि ती पाळावी. दिवसातल्या बाकीच्या वेळी आठवण आली, तर फोनाआधी नाम घ्यावे. हरिपाठ येथे एकाने म्हणावा, तिकडे दुसऱ्याने म्हणावा. निरोप एकदा दिला म्हणून पुरत नाही. नाम जसे रोज नव्याने घ्यावे लागते, तसा तोही रोज नव्याने, मनापासून द्यावा लागतो.

निघणाऱ्याचे पाऊल आणि राहणाऱ्याचे मन, दोन्ही पांडुरंगाने सरळ ठेवावीत, एवढेच मागणे.