पांढऱ्या केसांचं तिकीट

युरोपातून परत आल्यावर आम्ही सगळ्यांना फोटो दाखवले. टूर कंपनी न घेता, दोन बॅगा आणि एक रेल्वे पास एवढ्यावर साठीनंतरही फिरता येतं, हे जरा अभिमानानेच सांगितलं. साल्झबुर्गहून हालश्टाटला गेलो तो दिवसही सांगितला, पण त्यातला एक तास वगळून. हा लेख त्या तासाबद्दल आहे.

आधी पासबद्दल थोडं सांगायला हवं. युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल पास १९५९पासून मिळतो. साठी ओलांडलेल्यांना १० टक्के सवलत असते. आमचा पास महिनाभरातल्या कुठल्याही ७ दिवसांच्या प्रवासाचा होता. त्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत हव्या तेवढ्या गाड्यांत बसा. अट एकच, गाडीत चढण्याआधी मोबाइलमधल्या पासवर प्रवासाची नोंद करायची. नोंद झाली की एक दिवस वजा होतो.

साल्झबुर्गला पोचलो तेव्हा दोन दिवस उरले होते आणि प्रवास तीन होते : हालश्टाटला जाऊन येणं, मग व्हिएन्ना, मग बुडापेस्ट. बायको म्हणाली, "अहो, हालश्टाटची साधी तिकिटं काढू या." हिशेबाने तेच बरोबर होतं. पण ऑस्ट्रियातल्या स्टेशनांवर फाटकं नसतात, थेट फलाटावर जाता येतं. आदल्या एक-दोन प्रवासांत तपासनीस फिरकलाही नव्हता. मी ठरवलं, फोन हातात ठेवायचा. तपासनीस दिसला तर नोंद करायची, नाही आला तर दिवस वाचला. मी स्वतःला सांगितलं, ही चोरी नाही, फक्त नोंदीला थोडा उशीर आहे. बायकोला सांगितलं, "पासवर जमतंय." ती काही बोलली नाही.

आटनांग-पुखहाइमला गाडी बदलली. तिथून हालश्टाटकडे जाणारा फाटा १८७७मधला, एकेरी रुळाचा. काही वेळाने गाडी ट्राउनझे नावाच्या सरोवराच्या अगदी काठाने जाऊ लागते. समोरच्या तीरावर पाण्यातूनच उठल्यासारखा डोंगर दिसतो. हे सगळं डावीकडे होतं. मी मात्र डब्याच्या दाराकडे बघत बसलो होतो. हजारो मैल येऊन मी एक सरकतं दार बघत होतो.

तपासनीस नेमका मागच्या दाराने आला. मी चष्मा शोधला, फोन उघडला, भलत्याच ठिकाणी बोट लागलं. तरुण पोरगा होता. त्याने माझी धडपड पाहिली, आमच्या दोघांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, हसला आणि 'राहू द्या' अशा अर्थाने हात हलवून पुढे गेला. बायको खिडकीबाहेर बघत होती. थोड्या वेळाने तशीच बघत म्हणाली, "तुमच्या केसांनी तिकीट काढलं."

प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात ग्लॉकॉन एका मेंढपाळाची गोष्ट सांगतो. त्याला अदृश्य करणारी अंगठी सापडते आणि तिच्या जोरावर तो राजाला मारून राज्य बळकावतो. ग्लॉकॉनचा प्रश्न असा की, अशी अंगठी सज्जनाला मिळाली, तर तो सज्जन राहील का? मला ही गोष्ट नेहमी थोडी लांबची वाटायची. त्या गाडीत लक्षात आलं की म्हातारपण हीच एक अंगठी आहे. आपल्याकडे कोणी बघत नाही, आपल्याला कोणी विचारत नाही, अशी आपली तक्रार असते. पण आपल्यावर कोणी संशयही घेत नाही, ही त्याच अदृश्यपणाची दुसरी बाजू. पहिलीबद्दल आपण कुरकुरतो, दुसरी गुपचूप वापरतो.

मी बँकेच्या तपासणी विभागात होतो. त्यामुळे मनात आलेली प्रत्येक सबब ओळखीची निघाली. गाडी तशीही धावणारच होती. रेल्वेला काय फरक पडतो? पासचे पैसे तर आधीच भरलेत. हे सगळं मी टेबलाच्या पलीकडून ऐकलेलं होतं. 'सगळ्यांनीच असं केलं तर?' हा नेहमीचा प्रश्नही मी स्वतःला विचारून पाहिला. त्याचं उत्तर त्या प्रश्नापेक्षा जास्त टोचलं. सगळे असं करत नाहीत, म्हणूनच मला ते जमलं. ज्यांनी चढण्याआधी नोंद केली, तिकिटं काढली, त्यांच्या जिवावर तो पोरगा आमच्यासमोर हात हलवू शकला. मी रेल्वेचे पैसे घेतले असतील-नसतील, त्या सगळ्यांची पत मात्र वापरली. आमच्यानंतर येणाऱ्या एखाद्या खऱ्या गोंधळलेल्या आजी-आजोबांचीसुद्धा.

'तिकडचे लोकच प्रामाणिक' असं म्हणून हा विषय संपवता येत नाही. पॅरिसच्या मेट्रोला फाटकं आहेत आणि त्यावरून उड्या मारणारेही आहेत. आपल्या मुंबई लोकलच्या कितीतरी स्टेशनांवर फाटकं नाहीत, टीसी कधीतरीच दिसतो, तरी लाखो माणसं महिन्याच्या महिन्याला पास काढतात. त्यांत मीही होतो, अनेक वर्षं. मग त्या दिवशी काय झालं? मुंबईत मला जनाची लाज होती. ओळखीच्या कोणी टीसीसमोर पाहिलं तर? परक्या देशात जन गळून पडले. उरली मनाची. ती किती आहे, हे मला आयुष्यात पहिल्यांदाच मोजता आलं.

हालश्टाटचं स्टेशन सरोवराच्या एका काठावर आणि गाव समोरच्या काठावर. मधे होडी. तिचं वेगळं तिकीट काढलं. होडीत बसल्यावर फोन उघडून परतीच्या प्रवासाची नोंद केली आणि एक दिवस वजा झाला. सकाळचा प्रवासही त्याच दिवसात मोडत होता, म्हणजे रेल्वेचं एका पैशाचंही नुकसान झालं नाही. पुढे व्हिएन्नाची तिकिटं वेगळी काढली. मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "हिशेब जुळला ना? झालं तर." तिला माहीत होतं आणि मलाही, की झालं नव्हतं. काढलेली रक्कम संध्याकाळी परत भरली म्हणून दुपारची अफरातफर घडलीच नाही, असं मी कुठल्याही अहवालात कधी लिहिलं नव्हतं.

परतताना सरोवर उजवीकडे होतं. बायकोने खिडकीची जागा मला दिली. मधेच तपासनीस आला, वेगळा, वयस्कर. मी फोन पुढे केला, त्याने नीट तपासला, आभार मानले आणि गेला. मला बरं वाटलं. आणि लगेच सकाळचा तो पोरगा आठवला, ज्याने तपासला नव्हता.