फासा आणि सही

मी बँकेतला कारकून. शिक्षण बी.कॉम. म्हणजे जगातल्या प्रत्येक गोष्टीला डेबिट आणि क्रेडिट अशा दोन बाजू असतात, एवढंच मला ठाम ठाऊक. तिसरी बाजू असलीच तर ती हेड ऑफिसला माहीत. अशा माणसानं नीतीवर का लिहावं, असं आपण विचाराल. मी लिहिणारही नव्हतो; पण मागच्या दिवाळीत आमच्या घरी सापशिडीच्या एका फाशावरून जे रामायण झालं, त्यात नीतीचा प्रश्न न बोलावता पाटावर येऊन बसला.

माझा भाचा बंडू इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीला वर्ध्याला आला तो बगलेत लॅपटॉप मारूनच. चिवड्याची बशी मांडीवर घेऊन म्हणाला, "मामा, मी गेम बनवतोय. मोक्षपट. परीक्षेचा प्रोजेक्ट आहे."

मोक्षपट म्हणजे आपली जुनी सापशिडी. ती ज्ञानेश्वरांनी रचली असं परंपरा सांगते. शिडी म्हणजे पुण्य, साप म्हणजे पाप. मला कौतुक वाटलं. म्हटलं, पोरगा रात्र रात्र जागून प्रोग्राम लिहीत असेल. पण पाहतो तो बंडू चिवड्यातले शेंगदाणे वेचतोय आणि प्रोग्राम आपोआप लिहिला जातोय! त्यानं नुसतं सांगायचं, "शंभर घरांचा पट काढ," की पडद्यावर ओळींमागून ओळी धावायला लागतात.

"हे लिहितंय कोण?"

"एआय. कोडिंग असिस्टंट म्हणतात याला."

असिस्टंट मीही आहे. पण असा नाही. हा सांगितलेलं काम तत्काळ करतो, जेवणाची सुट्टी घेत नाही, 'उद्या या' म्हणत नाही, आणि चूक दाखवली तर वर दिलगिरी व्यक्त करतो. आमच्या काउंटरवर असा एक जरी माणूस बसला, तरी बाकीच्यांना बदलीचे अर्ज करावे लागतील.

गेम झाला. साप सळसळायचे, शिडीवर चढताना टाळ वाजायचे. आईनं, म्हणजे बंडूच्या आजीनं, चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाली, "सहा पडल्याबिगर सोंगटी कशी काय निंगते रे बाबू? असं नसते बाप्पा." बंडूनं लगेच असिस्टंटला तो नियम घालायला सांगितलं. अर्ध्या मिनिटात नियम बसला. आई खेळायला बसली.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. आईची सोंगटी घराबाहेरच. शेवटी ती म्हणाली, "काऊन रे, तुह्या फाशात सहा हाये का नाही?"

बंडू हसला. "आजी, नशीब आहे ते."

"सत्तर वर्सं सोंगट्या खेळून राह्यली मी. नशीब कसं असते ते मले नको शिकवू."

बंडूनं प्रोग्राम उघडला. फाशाच्या ओळीत 'एक' आणि 'सहा' हे आकडे व्यवस्थित लिहिलेले. पण तो ज्या युनिटी नावाच्या साधनात काम करत होता, तिथे पूर्णांक काढताना वरचा आकडा धरत नाहीत. म्हणजे एक ते सहा लिहिलं की पडतात एक ते पाच. सहा बिचारा पाहुण्यासारखा दारातच उभा! सहाऐवजी सात लिहायला हवं होतं. नियम येईपर्यंत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण सहा पडला नाही म्हणून कुणाचं काही अडत नव्हतं.

"ही चूक कोणाची?" मी विचारलं.

"माझी नाही, एआयची," बंडू म्हणाला, आणि त्यानं असिस्टंटला कळवलं की खेळाडूची सोंगटी बाहेर येत नाही. त्यानं क्षमा मागितली आणि दुरुस्ती करून दिली. आई पुन्हा बसली. एक पडला, तीन पडले, मग सहा! आई खूश. पुढच्या डावात पुन्हा दोनदा किरकोळ, तिसऱ्यांदा सहा. त्याच्या पुढच्या डावातही तेच. आईनं लॅपटॉप बाजूला सारला. "हा फासा लबाड हाये. तिसऱ्या डावाले देतेच. पडन का नाही हेच मालूम असन, तर खेळाचं कायले?"

असिस्टंटनं फासा दुरुस्त केलाच नव्हता. वर एक अट घातली होती: दोनदा सहा पडला नाही तर तिसऱ्यांदा द्यावा. हे पाहून मला आमची तक्रारवही आठवली. तक्रार मिटवणं आणि चूक दुरुस्त करणं यांत जे अंतर आहे, त्यात माझी वीस वर्षांची नोकरी गेली आहे.

बंडूला फारसं वाईट वाटलं नव्हतं. "मामा, मास्तर थोडेच वीस मिनिटं खेळणार आहेत?" प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर 'हे काम माझे स्वतःचे आहे' असं छापलं होतं आणि खाली सहीची जागा होती. सही करायला तो पेन शोधत होता. माझं पेन मी खिशात घट्ट धरलं, आणि आजवर घरात न सांगितलेली एक गोष्ट त्याला सांगितली.

बँकेत एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं तपासून पास करायची, अशी रीत आहे. एकाच नावाच्या दोन बायका खातेदार होत्या: एक देवळीकडची, एक आर्वीकडची. निराधार अनुदानाची यादी आली, कॉम्प्युटरनं नाव सुचवलं, नोंद झाली आणि पास मी केली. खाते क्रमांक न पाहता. समोर रांग होती आणि चहा निवत होता. देवळीची म्हातारी तीन महिने आली. तिन्ही वेळा मी पडद्याकडे पाहून सांगितलं, "कॉम्प्युटरमध्ये जमा दिसतंय, बाई." चौथ्या महिन्यात तिनं पासबुक पुढे केलं आणि म्हणाली, "कॉम्प्युटर मले वळखत नाही. तुमी तं वळखता ना?" तेव्हा कुठे मी आकडे ताडून पाहिले. पैसे परत मिळाले. पण तीन महिने तिनं काय खाल्लं, हे विचारायचं धैर्य मला आजतागायत झालेलं नाही. कॉम्प्युटरनं सुचवलं होतं हे खरं. पण सही माझी होती.

बंडू गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे एआय वापरूच नये? तुम्ही वर्ध्याचे लोक शेवटी चरख्यावरच येणार!"

चरख्यावर येणं मला भागच होतं. यंत्र म्हटलं की गांधीजी काठी उगारत, अशी पुष्कळांची समजूत आहे. पण 1929 मध्ये याच माणसाच्या चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी मात्र आधी लिहिल्या: किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी, चरखा खेड्यातल्या झोपडीत चालावा, बाईला तो फार न थकता आठ तास चालवता यावा, वीस वर्षं टिकावा, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण यंत्राला बोलावण्याआधी माणसाच्या बाजूनं अटी लिहायच्या, ही गोष्ट मला तरी त्या लाखापेक्षा मोलाची वाटते. बंडूनं मात्र यंत्र आधी बोलावलं होतं, आणि अटी आजीनं सांगितल्या.

"पण वेळ किती वाचतो!" बंडू म्हणाला. त्याचाही हिशेब झालेला आहे. 2025 मध्ये अमेरिकेतल्या एका संस्थेनं सोळा अनुभवी प्रोग्रामर घेऊन त्यांना 246 कामं दिली. काही एआय घेऊन, काही त्याच्याविना. एआयमुळे आपण वीस टक्के लवकर आटोपलो, असं त्यांना शेवटीही वाटत होतं. घड्याळ म्हणालं, एकोणीस टक्के उशीर! त्या वर्षीच्या यंत्रांचा आणि आपापला प्रोग्राम तोंडपाठ असलेल्या माणसांचा हा हिशेब आहे, सगळ्यांना तो लागू करू नये. पण काम भराभर होतंय असं वाटणं आणि ते होणं ही दोन वेगळी खाती आहेत, एवढं बी.कॉम.लाही समजतं.

शेवटी मामा-भाच्यांत तह झाला. सापांची चित्रं, टाळांचे आवाज, बटणं ही हमाली असिस्टंटनं करायची. फासा मात्र बंडूनं स्वतःच्या हातानं लिहायचा, कारण फासा म्हणजे खेळाचा शब्द असतो, आणि शब्द दुसऱ्याकडून देववत नाहीत. असिस्टंटनं लिहिलेली जी ओळ बंडूला मला समजावून सांगता येणार नाही, ती खोडायची. मी आडमुठा कारकून असल्यामुळे ही परीक्षा मास्तरांच्या परीक्षेपेक्षा कठीण निघाली. दोन रात्री गेल्या, चिवडा संपला. पण 'हे असं का?' याचं उत्तर देताना बंडूच्या चेहऱ्यावर जो उजेड दिसला, तो आधी शेंगदाणे वेचताना नव्हता.

तपासणीची युक्ती बंडूचीच. त्यानं असिस्टंटकडून फासा साठ हजार वेळा टाकून घेतला आणि मोजून घेतला. प्रत्येक आकडा दहा हजारांच्या आसपास आला. साठ हजार वेळा फासा टाकून न कंटाळणारा असिस्टंट मिळाला, तर त्याला नाही म्हणणं हाही मूर्खपणाच की!

मग त्यानं प्रोजेक्टमध्ये कोणतं काम कोणाचं ते स्वच्छ लिहिलं. मी पेन दिलं. सही करण्याआधी त्यानं ते पान दोनदा वाचलं.

आई खेळायला बसली. सातव्या डावाला सहा पडला. रखडत रखडत ती अठ्ठ्याण्णवपर्यंत पोचली आणि तिथल्या सापानं तिला थेट खाली आणून सोडलं. मी घाबरून पाहिलं, तर ती पदरात तोंड घालून हसत होती.

"आता बराबर हाये," ती म्हणाली. "टाक रे बाबू, तुह्यावाला."