शेरा

शिक्षणशास्त्राच्या प्रबंधातलं दुसरं प्रकरण बहुतेक ठरलेलं असतं. तिथे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बूर्द्यू येतात, ब्राझीलचे शिक्षणविचारक फ्रेअरी येतात, हल्ली जोतीराव फुलेही येतात. त्यांचं यथासांग स्वागत होतं. तिसऱ्या प्रकरणात प्रश्नावली आणि टक्केवारी सुरू झाली की ही मंडळी गायब होतात, ती थेट निष्कर्षात पुन्हा उगवतात: 'यावरून सांस्कृतिक भांडवलाचा प्रभाव दिसून येतो.' तोंडी परीक्षेत विचारावं, सिद्धान्त वापरलात म्हणजे नेमकं काय केलंत? उत्तर येतं, "सर, संदर्भ दिलाय ना."

उत्तर प्रामाणिक असतं, म्हणून विद्यार्थ्यावर रागवता येत नाही. संदर्भ देणं आणि सिद्धान्त वापरणं यांत फरक काय, हे आम्ही तरी त्याला कधी दाखवलेलं असतं? मला स्वतःला तो उमगला एका जुन्या लेखामुळे. पिएर बूर्द्यू आणि मोनिक द सँ मार्तँ यांनी तो १९७५ साली लिहिला.

लेखाची सामग्री अगदी साधी आहे. पॅरिसमधल्या उच्च शिक्षणसंस्थांच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणारा एक वर्ग. तिथे तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या एका शिक्षकाने चार वर्षं प्रत्येक विद्यार्थ्याचं एकेक कार्ड ठेवलेलं. कार्डावर आईवडिलांचा व्यवसाय, आधीची शाळा, निबंधांचे आणि तोंडी परीक्षेचे गुण, आणि गुणांपुढे शेरा. अशी दीडशेवर कार्डं. बूर्द्यूंनी ती पालकांच्या व्यवसायानुसार लावली, खालच्या थरापासून वरच्या थरापर्यंत, आणि शेऱ्यांतली विशेषणं समोर मांडली.

गुण सारखे असले तरी विशेषणं सारखी नव्हती. खालच्या थरातल्या मुलांना बाळबोध, सपाट, ओबडधोबड असे शेरे. मधल्या थरातल्यांना कष्टाळू, काळजीपूर्वक, पुस्तकी. वरच्या थरातल्यांना तरल, सहज, सुसंस्कृत, स्वतंत्र. यातल्या 'पुस्तकी' या शब्दापाशी मी दर वेळी थबकतो. पुस्तकातून शिकवणारी संस्था म्हणजे शाळा. तिथे मूल पुस्तकातूनच शिकून आलं, तर तो त्याचा उणेपणा! शाळेला खरं कौतुक कशाचं, तर जे शाळेत शिकवलंच जात नाही त्याचं. घरी जेवताना कानावर पडलेल्या बोलण्याचं, भिंतभर पुस्तकांमध्ये वाढल्याचं, चारचौघांत न अडखळता बोलण्याचं. बूर्द्यू ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात ते हेच. त्याला भांडवल म्हणायचं कारण एवढंच, की ते वारशाने मिळतं, आणि वारसा आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही म्हणून त्याचं मोल गुणवत्ता म्हणून वसूल होतं. बूर्द्यू स्वतः नैऋत्य फ्रान्समधल्या बेआर्न भागातल्या खेड्यातून आलेले, पोस्टात काम करणाऱ्या बापाचे चिरंजीव. पॅरिसच्या वर्गात गावाकडचा हेल घेऊन बसणं काय असतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

आता त्या शिक्षकाला लबाड ठरवायचा मोह होतो. लेख तसं करत नाही, आणि सिद्धान्ताचं काम इथेच सुरू होतं. शिक्षक बापाचा धंदा पाहून शेरा लिहीत नव्हता. तो पाहत होता हस्ताक्षर, उच्चार, वाक्याची ठेवण, बोलताना येणारा किंवा न येणारा आत्मविश्वास, आणि ज्ञानव्यवहारातली प्रतिष्ठित विशेषणं मनापासून वापरत होता. पण धान्य चाळणीतून पडावं तशी मुलं त्या विशेषणांतून खाली पडत, आणि ढीग लागत ते जवळजवळ बापाच्या धंद्याप्रमाणेच. पक्षपात करणारा माणूस शोधून सापडत नाही. तरी पक्षपात होत राहतो. नुसत्या डोळ्यांना हे दिसलं नसतं. त्याच लेखात बूर्द्यूंनी पुढे एका नामांकित संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांवरचे मृत्युलेख तपासले, तर तीच विशेषणं तिथेही हजर. कार्डावरचा शेरा मसणापर्यंत पुरतो, म्हणायचा.

मग हे उचलून महाराष्ट्रात आणायचं कसं? सोपा मार्ग म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन प्रगतिपुस्तकं गोळा करायची. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनामुळे आपल्याकडे शिक्षकांना वर्णनात्मक नोंदी लिहाव्याच लागतात: विशेष प्रगती, आवड आणि छंद, सुधारणा आवश्यक. विशेषणांची खाणच की! माझ्या एका विद्यार्थिनीने हाच बेत आखला होता. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. नोंदी तयार मिळतात, विषयवार यादी व्हॉट्सॲपवर फिरते, गुरुजी त्यातून क्रमाने उतरवतात. 'कविता तालासुरात म्हणतो' हा शेरा एका आड एक. तिने रडवेल्या आवाजात विचारलं, आता बूर्द्यू लागू होत नाही का?

प्रश्न चुकीचा होता, पण अडचण मोलाची होती. फ्रेंच शिक्षकाचा शेरा हा त्याचा निवाडा होता. आपल्या गुरुजींचा शेरा वरच्या कार्यालयाला दाखवायचा कागद आहे. म्हणून इथे निवाडा होतच नाही असं नव्हे. तो कागदावर होत नाही, एवढंच. तो कुठे होतो हे शोधायला सिद्धान्ताने तिला वहीतून उठवून मैदानात पाठवलं. परिपाठाला पुढे कोण उभं राहतं? सुविचार कोण सांगतं, बातम्या कोण वाचतं, प्रतिज्ञा कोणाकडून म्हणवून घेतात? केंद्रप्रमुख आले की पहिल्या बाकावर कोणाला बसवतात, आणि चहा आणायला कोणाला पिटाळतात? 'आनि पानी' म्हणणाऱ्या मुलाला गुरुजी मध्येच थांबवून 'आणि पाणी' म्हणायला लावतात, तेव्हा वर्ग हसतो का? हे तिने पंधरा दिवस मोजलं, तेव्हा कुठे प्रबंधाला सूर सापडला.

दुसरी अडचण अधिक खोल. पॅरिसच्या कार्डावर थर ओळखायला बापाचा धंदा लिहिलेला लागत होता. आपल्याकडे हजेरी घेताना आडनाव उच्चारलं की निम्मं काम होतं. वर्ग या शब्दात जात आपोआप मावत नाही. इथे मी तिला फुले वाचायला दिले, दुसऱ्या प्रकरणाची सजावट म्हणून नव्हे. १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी मागितलं होतं, की प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील. ब्राह्मण पंतोजी अंतर राखून वागतो, ही त्यांची तक्रार. आपण ही नुसती मागणी समजून वाचतो. पण त्यात एक सिद्धान्त दडला आहे: मूल काय शिकेल हे पाठ्यपुस्तकाइतकंच शिक्षक आणि मूल यांच्यामधल्या अंतरावर ठरतं. चहा कोण आणतं, हे पाहताना मला बूर्द्यूंपेक्षा फुले जवळचे वाटतात.

'भांडवल' या शब्दाचा एक धोका मात्र पदरात घ्यावा लागतो. तो हातात आला की ज्याच्याकडे ते नाही, ते मूल आपल्याला रिकामं दिसू लागतं. 'मठ्ठ'च्या जागी 'सांस्कृतिक भांडवलाचा अभाव' एवढाच बदल होतो. शेरा तोच, फक्त इस्त्री केलेला.

माझ्या त्या विद्यार्थिनीची क्षेत्रवही मी मागून घेतली होती. बंजारा तांड्यावरच्या शाळेतल्या नोंदींच्या पहिल्याच पानावर एका चौथीतल्या मुलीबद्दल लिहिलेलं: 'बुजरी, प्रतिसाद देत नाही.' आठ पानांनंतर मधली सुट्टी. खिचडीच्या रांगेत हीच मुलगी धाकट्या भावाला ताट नीट धरत नाही म्हणून गोरमाटी बोलीत झापत होती, शेजारच्या दोघींची भांडणं सोडवत होती, आणि वाढणाऱ्या बाईंना भावाच्या ताटात अजून एक पळी घालायला लावत होती. त्या पानाच्या समासात माझ्या विद्यार्थिनीने पेन्सिलीने विचारलं होतं, पान १ वरचा शेरा कुणाचा?